मापाचं पोलकं

"मापाचं पोलकं आणलंयस का?" नानांनी विचारलं.

मी सांगलीच्या गाडीतून उतरून नुकती दारात उभी राहिले होते. सातवा महिना सरत आला होता, पाय सुजले होते, आणि बनाआत्या तांब्या नि भाकरतुकडा घेऊन बाहेर येईपर्यंत मला उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. अशा वेळी माझे वडील, गळ्यात टेप, कानामागे खडू, मशीनवरून न उठता मला मापाचं पोलकं मागत होते.

"दादा, पोरीला आत तरी येऊ दे," आत्या भाकरतुकडा ओवाळत म्हणाली. "आल्या आल्या गिऱ्हाइकासारखं काय विचारतोस?"

"आणलंय," मी म्हणाले, "पण ते आता होत नाही मला."

नानांनी मान हलवली. "राहू दे मग. माझ्याजवळ माप आहे."

कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. नानांना एकापाठोपाठ दोन प्रश्न विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

दहिवडीच्या पेठेत आमचं घर. पुढची खोली म्हणजे नानांचं दुकान, मध्ये पडदा, पडद्यामागे माजघर आणि स्वयंपाकघर, शेवटी परसदार. नाना फक्त बायकांचं नि लहान पोरांचं शिवत. कुणा बाईच्या अंगाला त्यांनी कधी टेप लावली नाही. बायका जुनं पोलकं मापाला आणून द्यायच्या आणि बाकावर बसून आपापसांत बोलत राहायच्या. नाना इतके गप्प असत, की ते मशीनचाच एक भाग आहेत असं समजून त्या वाटेल ते बोलायच्या. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं मूल अंगावर पीत नाही, कुणाची सासू बाळंतिणीला तूप देत नाही, हे गावात सगळ्यांच्या आधी नानांना ठाऊक. त्यातला शब्दही त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही.

माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली, बाळंतज्वरानं. बनाआत्या तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, लग्नानंतर वर्षाच्या आत कपाळ पुसून परत आलेली. तिनं शेळीच्या दुधात कापूस बुडवून मला थेंब थेंब पाजलं आणि जगवलं. आमच्या आळीत मला शेळीवर वाढलेली म्हणूनच ओळखत. आईला दूधच आलं नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ज्या कुणी आईला पाहिलं होतं ती प्रत्येक बाई मला बघून म्हणायची, अगदी आईवर गेलीये हो, तशीच अंगलट.

मला दिवस गेले तसं हे वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. आईसारखे डोळे, आईसारखे खांदे, मग बाकीचं वेगळं कशानं असेल? सासूबाईंनाही ते माहीत होतं. त्या मनानं वाईट नव्हत्या. मी माहेरी निघाले तेव्हा त्यांनी पिशवीत दुधाच्या पावडरीचा एक डबा घातला. "असू दे जवळ," म्हणाल्या. "दूध नसणं आईकडून येतं कधी कधी. तुझा काय दोष."

आत्यानं पिशवी उपसली तेव्हा तो डबा निघाला. तिला हायसं वाटलेलं दिसलं. "बरं झालं बाई. आता शेळी कुठून आणायची होती मी?"

नाना पडद्याशी आले. डबा उचलून त्यांनी दुकानात नेला आणि मशीनच्या वरच्या फळीवर, रिळांच्या रांगेत ठेवून दिला.

"इथं राहू दे," ते म्हणाले. "लागला तर माझ्याकडून मागून घ्या."

दोन-तीन दिवसांनी माजघरातल्या खुंटीवर एक पोलकं दिसलं. पांढऱ्या मऊ मांजरपाटाचं, पुढून उघडणारं, आत दोन्ही बाजूंना दुहेरी कापड. मी घातलं. जिथं सैल हवं तिथं सैल, जिथं आधार हवा तिथं आधार. अंगाचं माप न घेता शिवलेलं इतकं कसं बसावं, याचं मला नवल वाटलं.

"अंदाजानं शिवलंत?" मी पडद्याआडून विचारलं.

"हं," नाना म्हणाले.

नानांनी आयुष्यात काही अंदाजानं शिवलेलं मी पाहिलं नव्हतं.

आत्याला मात्र ते पोलकं पटलं नाही. बाळाचं काही आधी शिवायचं नाही, नवं कापड घरात आणायचं नाही, रिकामा पाळणा हलवायचा नाही, असे तिचे नियम होते आणि ते तिनं कडक पाळले होते. अंगडी-टोपडी, दुपटी, लंगोट, सगळं शेजारपाजारच्या पोरांच्या अंगावरून उतरलेलं मागून आणलं होतं. "शिंप्याच्या नातवाला उतरलेली टोपडी?" म्हणून बायका हसायच्या. नाना गावभरच्या पोरांची अंगडी शिवत होते आणि आपल्या नातवंडासाठी त्यांना टाकाही घालता येत नव्हता.

"मी बाळाचं कुठं शिवलंय?" नाना म्हणाले. "आईचं शिवलंय. आईवर बंदी आहे का?"

आत्या दुसऱ्या गोष्टीवर घसरली. "आणि हूक कुणी लावलेत याला? कौसानं?"

"मग कोण लावणार? ती लावते तसे हूक सुटत नाहीत."

कौसाबाई आमच्या दुकानाचे हूक आणि काज करायची. नवरा मोटारस्टँडवर हमाल. उंच, काळीसावळी, पुढचा एक दात पडलेला, आणि बोलायला लागली की समोरच्यानं गप्प बसावं अशी. पण गावात तिला ओटी भरायला कुणी बोलवत नसे, बारशाला तर नाहीच. तिची पहिली दोन मुलं अंगावर न पिता गेली होती. पुढची तीन जगली, गलेलठ्ठ निघाली, पण लोकांनी आधीची दोन लक्षात ठेवली. गरोदर बाईच्या समोर ती आली की बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या.

आणि नानांनी नेमकं तिलाच सांगितलं होतं.

"कौसाबाई दुपारी येत जाईल," एके दिवशी जेवताना ते म्हणाले. "शालनला पाजायचं कसं ते दाखवील."

आत्याच्या हातातली पळी तशीच राहिली. "गावात बायका मेल्यात का दुसऱ्या? ती सोनाराची सरू, सहा पोरं अंगावर वाढवलीत तिनं."

"सरूला काही करावंच लागलं नाही. पोर पदराखाली गेलं, प्यायला लागलं. ती काय सांगणार?" नानांनी भाकरीचा तुकडा मोडला. "कौसाबाईला एकेक गोष्ट शोधून काढायला लागली. मी ऐकलंय तिचं, हूक लावता लावता बोलते ती. सरूला विचारलं तर ती म्हणेल, येतं आपोआप. आणि नाही आलं तर?"

मी जेवायची थांबले होते. माझ्या मनातला प्रश्न त्यांनी मोठ्यानं विचारला होता.

"नाही आलं तर डबा आहे," आत्या म्हणाली.

"आहे," नाना म्हणाले. "माझ्या फळीवर आहे."

दुसऱ्या दिवसापासून कौसामावशी येऊ लागली. आत्यानं तिला माजघरात घेतलं नाही. परसदारच्या ओट्यावर आमची शाळा भरायची. मावशीनं दुकानातल्या चिंध्या एका जुन्या उशीच्या अभ्र्यात कोंबून, मध्ये मूठ-दोन मूठ ज्वारी घालून, बाळाएवढं एक गाठोडं केलं होतं.

"धर," ती म्हणाली.

मी धरलं.

"पोथी धरलीय का? पोर हाय ते. त्याचं पोट तुज्या पोटाला लाव. मान वळवून कुणी पाणी पितं का? तू पी बघू, मान अशी करून."

मी मान वळवून गिळायचा प्रयत्न केला. गिळवेना.

"कळलं? आता तू वाकू नगंस. पाठ मोडंल. पोराला वर घे. त्येनं त्वांड जांभई दिल्यागत उघडूस्तवर थांबायचं. नुसतं टोक तोंडात दिलंस तर चावंल, तू वरडशील, आणि ते उपाशी ऱ्हाईल. काळा भाग सगळा आत गेला पायजे."

आत्या आतून डोकावून म्हणाली, "कौसा, रिकामा पाळणा हलवू नये, ठाऊक आहे ना? हे त्यातलंच झालं."

"पाळणा कुठं हलवतोय, आत्याबाय? तिचे हात हलवतोय."

मला हसू आलं. आत्या आत गेली, पण भांडी आपटल्याचा आवाज आला नाही, म्हणजे तीही ऐकत असावी.

एकदा मावशीनं मला विचारलं, "पहिला चीक काय करशील?"

"आत्या म्हणते पिळून टाकायचा. जड असतो."

मावशीनं हातातलं काजाचं पोलकं खाली ठेवलं. "गाय व्याली की तुमची आत्या चरवी घिऊन कुणाच्या दारात जाती?"

"पाटलांच्या."

"कशाला?"

"चिकाला. खरवस करायला."

"मंग? गाईचा चीक मागून आणून जायफळ घालून खायाचा, आणि बाईचा चीक मोरीत?" तिनं पुन्हा सुई उचलली. दोन टाके घालून झाल्यावर खाली बघतच म्हणाली, "माजा दोन्ही खेपंला मोरीत गेला. पोरास्नी साखरपाणी पाजलं सासूनं. मला बोलता येत नव्हतं तवा."

एवढंच ती त्या दोघांबद्दल माझ्याशी कधी बोलली.

मी बाळंत झाले ती सकाळी, घरीच. नर्सबाईंनी सोडवलं. मुलगी झाली, नाक नानांसारखं. नर्सबाई निघून गेल्यावर खोली आत्याच्या ताब्यात आली. तिनं दार लोटून घेतलं, कोपऱ्यात शेगडी पेटवली, पोरीला मधाचं बोट चाटवलं आणि परसदारी आलेल्या कौसामावशीला उंबऱ्यावरूनच सांगितलं, "पाचवी होईस्तोवर तू आत यायचं नाहीस. राग मानू नकोस. पहिलं बाळंतपण आहे, मला भीती वाटते."

मावशीनं राग मानला नाही. ती ओट्यावर बसली आणि हूक लावायला लागली.

चीक टाकायला मी नाही म्हटलं. एवढं मी केलं. पण गाठोडं आणि बाळ यांत फरक असतो. गाठोडं रडत नाही, मुठी वळत नाही, मान मागं टाकत नाही. पोरगी तोंड लावायची आणि सुटायची, सुटायची आणि किंचाळायची. मला घाम फुटायचा. तिला उचलून घ्यायला आत्या बसलेलीच असायची. कापसाच्या बोळ्यानं साखरपाणी दिलं की पोरगी निजायची, आणि उठली की पुन्हा तेच. पाचवीच्या आदल्या दिवसापर्यंत माझी छाती दगडासारखी झाली होती, हात लावला तरी कळ यायची, आणि पोरीच्या रडण्यातला जोर कमी झाला होता. ओठ कोरडे दिसत होते. लंगोट तर सकाळपासून बदलावाच लागला नव्हता.

दुपारी आत्यानं तिला माझ्या मांडीवरून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पुरे झालं शालन. नाही येत ते नाही येत. तुझ्या आईचंही असंच झालं होतं." ती पडद्याशी गेली. "दादा, डबा दे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मशीनचा आवाज नाही. नाना दुकानात होते, पण पाय पायट्यावर नव्हता. फळीवरून डबा काढल्याचा आवाज आला. मग पडद्याखाली नानांची पावलं दिसली. बाळंतिणीच्या खोलीकडे ते कधी येत नसत.

"देतो," ते पडद्याआडून म्हणाले. "मी अडवणार नाही. पण आधी एक ऐक, बने. शालन, तूही ऐक."

आत्या पोरीला खांद्यावर घेऊन उभी राहिली.

"तुझ्या आईला दूध होतं."

शेगडीत निखारा तडकला.

"तिला ताप होता. आमच्या आईनं सांगितलं, तापलेलं दूध पोराला बाधतं, पोर वेगळं ठेवा. ठेवलं. घरात सगळ्यांना वाटलं, दूध आटलं, मग वाटलं आलंच नव्हतं." ते थांबले. इतकं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती. "तिचं पोलकं रोज भिजायचं. पुढं, दोन्ही अंगाला. वाळलं की खळ घातल्यासारखं कडक व्हायचं. मी शिंपी माणूस, मला कापड बघून कळणार नाही? ती पोलकी मीच ओढ्यावर नेऊन धूत होतो. शेवटपर्यंत भिजत होती."

"आणि मला बोलला नाहीस?" आत्या म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता.

"काय बोलू, बने? आपली आई गेली ती नातीला वाचवल्याच्या समाधानात गेली. तू पोरसवदा, रात्रंदिवस कापूस बुडवून हिला पाजलंस, स्वतःचं सगळं सोडून. तुला कसं सांगायचं, की हिच्यासाठीचं दूध पलीकडच्या खोलीत होतं?" मग म्हणाले, "आजही नसतो बोललो. पण शालन तिच्यावर गेलीये म्हणता ना सगळे. म्हणून सांगितलं. अगदी खरं आहे ते. तिच्यावरच गेलीये."

पडद्याच्या कडेनं डबा आत आला, नानांच्या हातात धरलेला. तो हात तसाच थांबून राहिला. घ्यायचा की नाही, ते त्यांनी आमच्यावर सोडलं होतं.

आत्यानं डबा घेतला नाही. पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले.

"ओढ्यावर जाताना मी बघितलं होतं तुला," ती म्हणाली. "मला वाटायचं, कुणाच्या देखत रडता येत नाही म्हणून जातोस."

"ते पण होतं," नाना म्हणाले.

आत्या परसदारी गेली. दार उघडल्याचा आवाज आला.

"कौसा, हातपाय धू आणि आत ये."

मावशी उंबऱ्यावर आली, पण आत पाऊल टाकलं नाही. आत्याकडे न बघता तिनं मला विचारलं, "पोरी, तुजी मर्जी काय? लोक काय म्हणत्यात ते तुला ठाव हाय."

गाव काय म्हणतं ते मला ठाऊक होतं. एरवी मी घाबरट. पण आईची भिजलेली पोलकी अजून माझ्या डोळ्यांसमोर होती.

"या मावशी," मी म्हणाले. "हिला घ्या."

मावशीनं पोरीला घेतलं, आणि तिचा चेहरा क्षणभर असा झाला, की मी नजर दुसरीकडे वळवली. मग ती कामाला लागली. आत्याला ऊन पाणी आणि फडकं आणायला सांगितलं आणि आत्यानं निमूट आणलं. शेकलं, हलक्या हातानं थोडं पिळून काढलं, दगड जरासा मऊ झाला. "धोंड्याला त्वांड कसं लावंल बिचारी," मावशी पुटपुटली. पोरीला गुंडाळलेली दुपटी तिनं एकेक करून काढली, उघडी पोर माझ्या उघड्या अंगावर ठेवली.

"आता घाई न्हाय. तिला वास घिऊ दे."

पोरगी जराशी हलली. डोकं इकडून तिकडं केलं. मावशीचा हात तिच्या पाठीवर, माझा हात मावशीच्या हाताखाली. पोरीनं तोंड उघडलं, पण अर्धवट.

"थांब."

पुन्हा उघडलं.

"थांब म्हटलं."

तिसऱ्यांदा तिनं जांभई दिल्यासारखं तोंड वासलं आणि मावशीनं माझा कोपर खालून उचलला. मला कळ आली, मग कळ गेली. ओढ लागली. ओट्यावरचं गाठोडं घेऊन केलेलं सगळं माझ्या हातांना एकदम आठवलं.

आधी नुसतं ओढणं. मग एक बारीक आवाज, घोटाचा. मग पुन्हा.

"गिळतेय," आत्या म्हणाली. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर घातला. "गिळतेय गं कौसा."

"गिळंल न्हाईतर काय करंल. तिच्या आज्यानं हूक मापात लावून घेतल्यात माज्याकडनं." मावशीनं तोंड पडद्याकडे वळवलं. "नाना, मशीन का बंद पडलंय तुमचं? पोर प्यायला लागली. आता कशाची वाट बघताय?"

पलीकडे कपाट उघडलं, नव्या कापडावर कात्री चालल्याचा आवाज झाला. आणि मग मशीन सुरू झालं. आत्यानं अडवलं नाही. पोर पोटभर पिऊन निजेपर्यंत नाना शिवतच होते.

त्या डब्यातली पावडर बारशाच्या चहाला उपयोगी पडली. रिकाम्या डब्यात नानांनी हूक ठेवले. तो डबा अजून माझ्याकडे आहे, गंजलाय आता. बारशाला पाळण्याच्या एका बाजूला सरू उभी राहिली आणि दुसऱ्या बाजूला आत्यानं कौसामावशीला हाताला धरून आणून उभं केलं. पाळण्याच्या खालून आणि वरून माझी पोर दोघींच्या हातांतून फिरली. बायका कुजबुजल्या, पण आत्यानं एकेकीकडे अशी नजर टाकली, की कुजबूज तिथंच संपली. त्यानंतर गावातल्या कितीतरी पोरींना दिवस गेले की आत्याच सांगायची, आधी कौसाकडे जा, चार दिवस आधीच जा.

पण पोर पहिल्यांदा प्यायली त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. दिवे लागायच्या सुमाराला नानांनी पडद्याआडून एक अंगडं आत दिलं. पांढरं, लहानसं, गळ्याला नाडी. मी त्यांना थांबवलं.

"नाना, माझ्या पोलक्याचं माप कुणाचं?"

ते जरा घुटमळले.

"तुझ्या आईचं. तिच्यासाठी शिवून ठेवलं होतं एक, तू व्हायच्या आधी. पुढून उघडणारं." त्यांनी पडद्याची कड सारखी केली. "घालायचं राहून गेलं तिचं."

पोरगी मांडीवर निजली होती, ओठाच्या कडेला दुधाचा थेंब वाळला होता.

"बरोबर बसलं ना?" नानांनी विचारलं.

"बसलं, नाना," मी म्हणाले. "अगदी मापात."